बेरियमची गिरकी आणि कोबाल्टचा स्रोत

युरेनियमचं केंद्रक फुटतं तेव्हा काय होतं, हे लातूर-नांदेडकडच्या बारावीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगतो. एक न्यूट्रॉन आत शिरतो, बेरियम आणि क्रिप्टॉन बाहेर पडतात, सोबत तीन न्यूट्रॉन आणि सुमारे २०० एमईव्ही ऊर्जा. हे समीकरण आमच्या भागात चांगलं घोटून घेतलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण एम.एस्सी.च्या वर्गाला अणुकेंद्रीय भौतिकी शिकवताना दरवर्षी जाणवत राहतं, की त्यात एक गोष्ट लिहिलेलीच नाही. ते बेरियम आणि ते क्रिप्टॉन नुसते एकमेकांपासून दूर उडत नाहीत. उडता उडता स्वतःभोवती गरगरतही असतात. फुटण्याआधी केंद्रकाला गिरकी फारशी नसते. कॅलिफोर्नियम-२५२ हे केंद्रक आपणहून फुटतं आणि त्याचा स्पिन तर शून्यच. तरीही त्याच्या प्रत्येक तुकड्याच्या अंगात सरासरी सहा-सात एककं एवढा स्पिन सापडतो. शून्यातून निघालेल्या दोघांना ही गिरकी कुठून मिळाली? या प्रश्नाला ऐंशी वर्षं होऊन गेली. आज त्याच्या एका अर्ध्या भागाचं उत्तर पक्कं झालं आहे. दुसरा अर्धा भाग, म्हणजे ती गिरकी नेमकी केव्हा जन्मते, तोही सुटला, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलं जातं; तो सुटलेला नाही असं माझं मत आहे. आणि तो सोडवायला ज्या जातीचं मोजमाप लागेल, त्याची पहिली पायरी आपल्याकडच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत बसून चढता येते. लेख लिहायला बसलो तो मुख्यतः या शेवटच्या गोष्टीसाठी.

आधी पुरावा कशाचा, ते पाहू. तुकडा जन्मतो तेव्हा तापलेला असतो. तो पहिल्यांदा न्यूट्रॉन फेकतो, मग उरलेली ऊर्जा आणि उरलेली गिरकी गॅमा फोटॉनच्या रूपाने सोडत शांत होतो. ज्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येने असतात, त्याच्या ऊर्जापातळ्या शिडीसारख्या असतात: स्पिन शून्य, दोन, चार, सहा, आठ. वरून खाली येताना प्रत्येक पायरीला एक फोटॉन निघतो आणि तो दोन एककं स्पिन घेऊन जातो. बेरियम-१४४ चं उदाहरण घ्या. आठवरून सहावर येताना ५०९ केईव्हीचा फोटॉन, सहावरून चारवर ४३१ चा, चारवरून दोनवर ३३१ चा आणि शेवटी दोनवरून शून्यावर १९९ चा. १९९ चे फोटॉन सर्वांत जास्त येणार हे उघड आहे, कारण बहुतेक सगळे बेरियम शेवटी त्याच पायरीवरून उतरतात. प्रश्न असतो तो ३३१, ४३१, ५०९ यांचं त्याच्याशी प्रमाण किती याचा. वरच्या पायरीचे फोटॉन जास्त आले तर बेरियम उंचावरून, म्हणजे जास्त गिरकी घेऊन आला. कमी आले तर खालूनच शिडीवर चढला होता. फोटॉन मोजायचे आणि गिरकीचा अंदाज बांधायचा, एवढंच हे शास्त्र आहे. हान आणि श्ट्रासमान यांनी १९३८ च्या अखेरीस हाच बेरियम रसायनाच्या पद्धतीने ओळखला आणि विखंडनाचा शोध लागला. आता तोच बेरियम त्याच्या फोटॉनवरून ओळखायचा, आणि तो किती गरगरत होता तेही त्याच फोटॉनला विचारायचं.

इथे उपकरणाचा फरक किती पडतो, ते एका जोडीवरून दिसेल. कॅलिफोर्नियम फुटून बेरियम-१४४ निघाला आणि चार न्यूट्रॉन उडाले, तर त्याचा जोडीदार मॉलिब्डेनम-१०४ असतो. त्या मॉलिब्डेनमच्या शेवटच्या पायरीचा फोटॉन १९२ केईव्हीचा. बेरियमचा १९९, जोडीदाराचा १९२. अंतर फक्त सात. आपल्या महाविद्यालयांत असतो तो सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर सीझियमच्या ६६२ केईव्हीवर साधारण सात टक्के, म्हणजे पंचेचाळीसेक केईव्ही रुंदीचं पीक देतो. दोनशेच्या आसपास ती रुंदी वीसच्या घरात येते, तरी त्यात १९२ आणि १९९ एकाच ढिगाऱ्यात जातात. थंड केलेल्या जर्मेनियमच्या डिटेक्टरवर हीच पीकं दोनेक केईव्ही रुंदीची, शेजारी शेजारी, स्वच्छ वेगळी उभी राहतात. आणखी एक अडचण असते. तुकडे नॅनोसेकंदाला सेंटिमीटरभर, म्हणजे प्रकाशाच्या तीन-चार टक्के वेगाने धावतात. धावत्या तुकड्याचा फोटॉन डॉप्लर परिणामाने सरकतो आणि १९९ चं पीक पुढेमागे सहा-सात केईव्ही पसरतं. म्हणून नमुना जाड ठेवतात. तुकडे त्यातच काही पिकोसेकंदांत थांबतात, खालच्या पायऱ्यांचे फोटॉन त्यानंतर निघतात आणि रेषा बारीक मिळते. वर्गात हे सांगितलं की मुलांना पहिल्यांदा कळतं, की प्रयोगात जाडी किती घ्यायची हा निर्णयसुद्धा सिद्धांताइतकाच भौतिकीचा असतो.

या कामात आपला देश उशिरा आलेला नाही. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, आणि त्यानंतर आठच वर्षांनी, १९६४ मध्ये, एस. एस. कपूर आणि राजा रामण्णा यांचा युरेनियम-२३५ च्या विखंडनातल्या गॅमा किरणांविषयीचा शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू'त आला. फोटॉन सगळ्या दिशांना सारखे निघतात का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ते सारखे निघत नाहीत असं दिसलं: तुकडा ज्या रेषेत उडतो त्या रेषेत थोडे जास्त, आडव्या दिशेत थोडे कमी. याचा अर्थ लावला की तुकड्याच्या गिरकीचा आस त्याच्या उडण्याच्या रेषेला काटकोनात असतो. बंदुकीची गोळी आपल्या मार्गाभोवती फिरत जाते, तसं इथे नाही. गडगडत जाणाऱ्या चाकासारखी ही गिरकी आहे. पुढे सायरस अणुभट्टीच्या न्यूट्रॉनझोतावर क्लोव्हर जातीचे जर्मेनियम डिटेक्टर लावून भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या गटाने तुकड्यांच्या फोटॉनचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सायरस तोवर, २०१० च्या शेवटच्या दिवशी, कायमची बंद झाली होती. पुढचं काम ध्रुव अणुभट्टीवर गेलं.

निर्णायक म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तो प्रयोग फ्रान्समधल्या ओर्से इथला. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये तो आला. थोरियम-२३२ आणि युरेनियम-२३८ वर वेगवान न्यूट्रॉन सोडून, आणि कॅलिफोर्नियम-२५२ आपणहून फुटताना, निघणारे फोटॉन त्यांनी अनेक डिटेक्टरांच्या एका मोठ्या रचनेने टिपले. त्यांनी विचारलेला प्रश्न मला फार सुरेख वाटतो. आपल्याच उदाहरणात सांगायचं तर असा: ज्या फुटण्यांमध्ये बेरियमचा ४३१ केईव्हीचा फोटॉन आला, म्हणजे बेरियम किमान सहा एककं गिरकी घेऊन आला, तेवढ्याच फुटण्या बाजूला काढा. आता त्या निवडक फुटण्यांमध्ये जोडीदार मॉलिब्डेनमची शिडी पाहा. बेरियम जोरात फिरत असेल तेव्हा मॉलिब्डेनमही जास्त जोरात फिरतो का? किंवा कमी? उत्तर आलं, की त्याला काहीच फरक पडत नाही. एका तुकड्यावर कितीही अट घाला, दुसऱ्याची सरासरी गिरकी होती तिथेच राहते. दुसरी गोष्ट अशी दिसली, की तुकड्याच्या वस्तुमानाबरोबर गिरकी करवतीच्या दात्यांसारखी वाढते, कोसळते, पुन्हा वाढते. १३२ च्या आसपासचे, कथिल-१३२ सारखे घट्ट गोल तुकडे कमी फिरतात. लांबट, ताणले गेलेले तुकडे जास्त. या दोन गोष्टींवरून त्या गटाने निष्कर्ष काढला, की गिरकी ताणलेल्या केंद्रकाची मधली अरुंद मान तुटल्यानंतर जन्मते. ताणलेलं केंद्रक मधे तुटलं, दोन्ही अर्धे आपापल्या ताणलेल्या आकारातून गोल होऊ लागले, आणि त्या धडपडीत प्रत्येकाला आपली आपली गिरकी मिळाली. दुसऱ्याचा संबंध तेव्हा संपलेला होता.

वर्गात हे सांगितलं की पहिल्याच मिनिटाला हात वर होतो, आणि तो व्हायलाच हवा. एकूण कोनीय संवेग शून्य होता ना? मग बेरियमला सात एककं मिळाली तर मॉलिब्डेनमला उलट्या दिशेने सात मिळायलाच हवीत. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत हे अक्षय्यतेच्या नियमाला धरून कसं? हा आक्षेप तोंडी उत्तराने मिटवण्यापेक्षा फळ्यावर गणित मांडून सोडवावा. कोनीय संवेग फक्त स्वतःभोवतीच्या गिरकीत नसतो. दोन तुकडे एकमेकांपासून दूर जाताना त्यांची रेषा जरा बाजूला असेल तर त्या सापेक्ष गतीतही तो असतो. युरेनियमच्या बाबतीत दोन्ही तुकड्यांची मिळून गतिज ऊर्जा १७० एमईव्ही धरा, ९६ आणि १४० वस्तुमानाच्या जोडीचं सापेक्ष वस्तुमान ५७ येतं, त्यावरून सापेक्ष संवेग काढा आणि एच-बारने भागा. एका फेम्टोमीटरच्या आडव्या अंतराला साधारण २१ एककं कोनीय संवेग, असा हिशोब निघतो. म्हणजे दोन्ही गिरक्या एकमेकींना अजिबात न जुमानता मिळून १० एककं झाल्या, तरी हिशोब पुरा करायला तुकड्यांची रेषा जेमतेम अर्धा फेम्टोमीटर सरकलेली पुरते. केंद्रकाची त्रिज्या सात फेम्टोमीटरच्या पुढे असते. एवढ्या मोठ्या ढेकळात अर्ध्या फेम्टोमीटरचं सरकणं कुणाच्या लक्षातही येणार नाही. निसर्गाचा हिशोब चुकलेला नाही. उधारी तिसऱ्याच खात्यावर पडलेली आहे. हे गणित दहा मिनिटांचं आहे, आणि आक्षेप घेणाऱ्या विद्यार्थ्यालाच ते करायला लावलं तर तो नियम त्याला जन्मभर विसरता येत नाही.

खरा आक्षेप याच्या पुढचा आहे आणि तो मी स्वतः मानतो. दोन गिरक्यांचा संबंध नाही, म्हणून त्या तुटल्यानंतर जन्मल्या, हे अनुमान पुराव्यापेक्षा पुढे धावतं. आमच्या भागाला याचं एक उदाहरण फार जवळून ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हादरली, तेव्हा खडक किती खोल आणि कोणत्या दिशेने सरकला हे कुणीही पाहिलेलं नव्हतं. दूरदूरच्या भूकंपमापकांवर उमटलेल्या लाटांवरून ते काढावं लागलं. आणि भूकंपशास्त्राचा प्राथमिक धडा असा आहे, की पहिल्या लाटांच्या दिशांवरून भ्रंशाची एकच पातळी ठरत नाही. एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन पातळ्या त्याच लाटांना सारख्याच बसतात. खरी कोणती, हे ठरवायला नंतरचे धक्के कुठे झाले, जमिनीला भेग कशी पडली, खणल्यावर काय सापडलं, असा वेगळ्या जातीचा पुरावा आणावा लागतो. विखंडनाचं नेमकं हेच आहे. २०२१ मध्येच योर्गेन राँड्रप आणि रमोना फोग्ट यांनी दाखवलं, की तुटण्याआधी दोन्ही अर्धे मानेतून न्यूट्रॉन-प्रोटॉनची देवाणघेवाण करत असतानाच गिरक्या निर्माण झाल्या असं धरलं, तरी त्यांच्या आकारमानात संबंध जवळजवळ उरत नाही. म्हणजे तुटण्याआधीची गोष्टही तेच फोटॉन देते आणि तुटण्यानंतरचीही. त्याच वर्षी आयोनेल स्टेत्सु आणि सहकाऱ्यांनी आणखी एक शंका उभी केली: शिडीवर येण्याआधी न्यूट्रॉन आणि सुरुवातीचे फोटॉन जेवढा कोनीय संवेग घेऊन जातात असं आपण धरत होतो, त्याहून बराच जास्त ते नेतात. तसं असेल तर आपण मोजतो ती गिरकी मूळ गिरकीची पुसट झालेली प्रत आहे, आणि मुळात काही संबंध असलाच तर तो वाटेत धूसर झालेला असू शकतो. यावर उलट सांगता येईल, की धूसर होऊनही करवतीचे दाते स्पष्ट उरले आहेत, मग सगळंच पुसलं गेलं असं कसं म्हणावं? हे उत्तर मला पटतं. सरासरी गिरकी किती, हे फोटॉन विश्वासाने सांगतात. पण त्यातून हाती येतं ते एवढंच, की गिरक्यांच्या आकारमानात संबंध दिसत नाही. जन्माची वेळ त्यावरून ठरत नाही. चार पर्यायांतला एक काळा करायची सवय लागलेल्या मुलांना मी हा प्रश्न मुद्दाम देतो, कारण इथे दोन पर्याय आजच्या पुराव्याला सारखेच बरोबर आहेत आणि तसं लिहिणं हेच बरोबर उत्तर आहे.

याचा उपयोग काय, हाही प्रश्न येतो. तो विचारणाऱ्याला कमी लेखू नये, कारण महाविद्यालयाचा पैसा शेवटी लोकांचा असतो. एका विखंडनात निघणाऱ्या फोटॉनची ऊर्जा सात-आठ एमईव्ही असते. तिचा काही भाग इंधनात न थांबता भट्टीच्या पोलादात, परावर्तकात, जाड भिंतीत जाऊन उष्णता बनतो. फोटॉन किती आणि केवढ्या ऊर्जेचे निघणार, हे तुकड्यांच्या गिरकीवर बरंच ठरतं. म्हणून भट्टी रचणाऱ्यांना हे आकडे अचूक हवे असतात. होमी भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यात शेवटी थोरियम आहे, आणि ओर्सेच्या प्रयोगातला एक नमुना थोरियमचाच होता. उपयोगाबद्दल मला एवढंच सांगायचं आहे.

आता जन्माची वेळ ठरवायला मदत करू शकेल अशा मोजमापाकडे, म्हणजे कोनाकडे येतो. गिरक्यांची आकारमानं एकमेकींना ओळखत नाहीत, पण त्यांच्या दिशा? दोन्ही आस उडण्याच्या रेषेला आडवे आहेत, हे १९६४ पासून माहीत आहे. पण त्या आडव्या पातळीत ते एकमेकांशी कोणता कोन करतात? इथे सिद्धांत फुटले आहेत. राँड्रप-फोग्ट यांच्या गणितात जवळजवळ सगळे कोन सारखेच शक्य आहेत. ऑरेल बुल्गाक आणि सहकाऱ्यांच्या सूक्ष्म गणितात आस एकमेकांपासून नव्वद अंशांहून जास्त फाकलेले असण्याकडे कल आहे. हा कोन मला किल्लारीच्या भेगेसारखी वेगळ्या जातीची साक्ष वाटतो: दोन गणितं इथे दोन वेगळे आकडे सांगतात. ती मिळवायला बेरियमचा एक फोटॉन आणि त्याच फुटण्यातला मॉलिब्डेनमचा एक फोटॉन एकाच वेळी पकडून, त्यांच्यामधल्या कोनाप्रमाणे त्यांची संख्या कशी बदलते ते मोजावं लागेल. हे मोजमाप अवघड आहे, जर्मेनियमची मोठी रचना लागते, महिनोन् महिने डेटा घ्यावा लागतो. नांदेडला ते होणार नाही. पण त्याचा गाभा कोबाल्ट-६० मध्ये जसाच्या तसा आहे. कोबाल्टचं निकेल झालं की ते निकेल चारवरून दोनवर येताना ११७३ चा आणि दोनवरून शून्यावर येताना १३३२ केईव्हीचा फोटॉन देतं. बेरियमच्या शिडीच्या खालच्या दोन पायऱ्याच म्हणा ना. हे दोन फोटॉन एकमेकांकडे बघत निघतात. समोरासमोर, १८० अंशांवर ठेवलेल्या डिटेक्टरांत ९० अंशांपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त जोड्या मिळतात. स्पिन चार-दोन-शून्य असेल तर हा आकडा येतो. दोन सोडियम आयोडाइड डिटेक्टर, एक कोइन्सिडन्स सर्किट, कोन आखलेली एक फिरती पट्टी आणि एक सीलबंद स्रोत; नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली मिळून असलेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात ही सामग्री जमवणं अशक्य नाही.

हा प्रयोग १९४० च्या दशकातला आहे, निकाल पुस्तकात छापलेला आहे, मग तो करून नवीन काय मिळणार, असं म्हटलं जातं. नवीन आकडा मिळणार नाही हे खरं. पण १७ टक्क्यांचा फरक खात्रीने दाखवायचा तर प्रत्येक कोनाला दहा हजार जोड्या हव्यात, तेव्हा चूक एक टक्क्यावर येते. मिनिटाला दहा जोड्या पडत असतील तर एका कोनाला हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सतरा तास. तेवढ्यात लाईट जाते, इन्व्हर्टरवर मशीन चालवावं लागतं. मे महिन्यात खोली तापली की फोटोमल्टिप्लायरचं गेन बदलतं आणि १३३२ चं पीक कालच्या चॅनेलवरून हळूच सरकलेलं असतं. ऊर्जा निवडणारी खिडकी तिथेच ठेवली तर जोड्या कमी पडतात आणि तो फरक कोनामुळे आला असं वाटतं. योगायोगाने एकाच वेळी आलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या फोटॉनच्या खोट्या जोड्या वेगळ्या मोजून वजा कराव्या लागतात. दिसलेला संबंध खरा की यंत्राचा, न दिसलेला संबंध नाहीच की पुसला गेला, हा ओर्सेच्या प्रयोगावरचा सगळा वाद या सतरा तासांत छोट्या रूपात विद्यार्थ्याच्या हातून जातो. ज्याने ते केलं आहे तो 'संबंध नाही' हे वाक्य वाचून लगेच टाळ्या वाजवत नाही. चुकीचा पट्टा केवढा होता, हे आधी विचारतो. पुढे त्याला इंगा, म्हणजे मुंबई, दिल्ली, कोलकाता इथल्या त्वरकांवर आळीपाळीने उभी राहणारी राष्ट्रीय गॅमा डिटेक्टरांची रचना गाठायची असेल, तर त्याची तयारी याच टेबलावर झालेली असते.

म्हणून आपल्या भागातल्या भौतिकीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. ज्या विभागात कोबाल्टचा स्रोत आहे आणि दोन डिटेक्टर आहेत, त्यांनी हा प्रयोग जर्नलमध्ये लिहून घेण्यापुरता न ठेवता याच वर्षी खरोखर लावावा. डिटेक्टर एकच असेल तर शेजारच्या महाविद्यालयाचा दुसरा मागून आणावा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेला स्रोत आज चौदाव्या हिश्श्यावर आला आहे, आणि एक वर्ष थांबलं की तो आणखी १२ टक्क्यांनी मंदावतो.